चालती राईड मध्येच थांबते तेव्हा तो बिघाड समजावा की संरक्षण?

कुतूहल
रोलर कोस्टरची गाडी चढावर अडकली आहे, किंवा रोपवेचे पाळणे दोन खांबांच्या मध्ये लोंबकळत आहेत, असे चित्रण समोर आले की खालच्या बहुतेक प्रतिक्रिया एकाच सुरात असतात: यंत्र मोडकळीला आले आहे, ते ताबडतोब बंद करा. दुसरीकडे, थांबणे हेच यंत्राचे काम होते आणि ते त्याने केले, असे जाणकार सांगतात. या दोन्हींतले खरे कोणते? अशा यंत्रांत कोणकोणत्या सुरक्षा-यंत्रणा असतात, त्या केव्हा अपुऱ्या पडतात, आणि रांगेत उभ्या असलेल्या सामान्य माणसाला यातले काही ओळखता येते का? घरातली मुले अशा ठिकाणी जाण्याचा हट्ट धरतात आणि त्यांना कशाच्या आधारावर हो किंवा नाही म्हणावे हे मला ठरवता येत नाही, म्हणून हा धागा काढला आहे.

लोहपथ
रोलर कोस्टरपुरते सांगतो. एकाच मार्गावर दोन किंवा अधिक गाड्या धावत असतील तर संपूर्ण मार्ग खंडांमध्ये विभागलेला असतो, आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी असू शकते. प्रत्येक खंडाच्या शेवटी गाडी हमखास थांबवता येईल अशी जागा असते: चढाची साखळी किंवा ब्रेकचा पट्टा. पुढच्या खंडातली गाडी बाहेर पडल्याची खूण सेन्सरकडून आली नाही, तर मागची गाडी तिथेच धरून ठेवली जाते. रेल्वेच्या सिग्नलमागे हेच तत्त्व आहे. त्यामुळे चढावर थांबलेली गाडी बहुतेक वेळा पुढच्या एखाद्या गाडीला उशीर झाल्यामुळे, किंवा एखाद्या सेन्सरचा संदेश अपेक्षित वेळेत न आल्यामुळे थांबलेली असते. चढाच्या बाजूने पायऱ्या बांधलेल्या असतात त्या याच प्रसंगासाठी.

इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्स उद्यानात २ जून २०१५ रोजी 'स्मायलर' या कोस्टरवर झालेला अपघात या संदर्भात मुद्दाम वाचावा. एक रिकामी गाडी मार्गावर अडकून पडली होती आणि १६ प्रवाशांची गाडी मागून येत होती. नियंत्रण यंत्रणेने ती बरोबर थांबवली. परंतु मार्ग मोकळा आहे अशा समजुतीने तंत्रज्ञांनी तो थांबा हाताने रद्द केला आणि गाडी पुढे सोडली. धडकेत अनेक जण गंभीर जखमी झाले आणि दोन तरुणींना प्रत्येकी एक पाय गमवावा लागला. पुढच्या वर्षी न्यायालयाने चालक कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड केला. यंत्राला जे दिसत होते ते माणसांनी मानले नाही.

साशंक
लोहपथ, मांडणी पटली, पण सरसकट "थांबली म्हणजे सुरक्षित" असे म्हणू नये. खंडाच्या शेवटी ब्रेकवर थांबणे आणि दोन उंचवट्यांच्या मधल्या खोलगट भागात वेग संपल्यामुळे अडकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात गाडी कोणीही थांबवलेली नसते. वारा समोरून जोरात असतो, गाडी रिकामी आणि हलकी असते, किंवा थंडीमुळे चाके व बेअरिंग जड फिरतात, आणि पुढचा चढ चढण्याइतकी ऊर्जा तिच्यात उरत नाही. स्मायलरची रिकामी गाडी नेमकी अशीच अडकली होती आणि त्या दिवशी वाराही जोराचा होता. म्हणजे त्या प्रसंगात एक थांबणे योजलेले होते आणि दुसरे नव्हते.

लोहपथ
साशंक, सहमत. हा भेद मी आधीच स्पष्ट करायला हवा होता, कारण तो या धाग्याचा गाभाच आहे. वाऱ्याची मर्यादा ठरवून देतात ती याचसाठी.

यंत्रकर्मी
मी अशा यंत्रांच्या देखभालीच्या कामात आहे. कोणत्याही जागेचे नाव न घेता, रोज डोळ्यांसमोर घडणारी एक गोष्ट सांगतो.

मांडीवरचा बार बंद झाला आहे की नाही हे तपासण्यासाठी आसनाखाली बोटाएवढा एक सेन्सर असतो. बारला जोडलेली धातूची पट्टी त्याच्यासमोर काही मिलिमीटरवर आली की बार बंद आहे असे तो सांगतो. सतत बसणाऱ्या हादऱ्यांनी त्या सेन्सरची पकड किंचित सैल होते, ओल शिरते, धातूचा कीस चिकटतो, आणि बार व्यवस्थित बंद असूनही सेन्सर नाही म्हणू लागतो. यंत्रणेची रचना अशी असते की संदेश आला नाही, तार तुटली किंवा वीज गेली तर तिने वाईटातले वाईट गृहीत धरावे आणि गाडी सोडू नये. हे योग्यच आहे. परंतु बाहेर मोठी रांग आहे, एकाच आसनामुळे गाडी सारखी अडते आहे आणि चालक दर फेरीला तंत्रज्ञाला हाक मारतो आहे, अशा दुपारी त्या सेन्सरच्या दोन टोकांना तारेचा छोटा तुकडा जोडून त्याला कायमचे हो म्हणायला लावण्याचा विचार कुणाच्याही मनात येऊ शकतो. तो तुकडा जोडायला एक मिनिट पुरते. सेन्सर सोडवून साफ करणे, अंतर पुन्हा मोजून बसवणे, रिकाम्या फेऱ्या घेऊन नोंद करणे, याला कितीतरी जास्त वेळ लागतो.

माझ्या मते सुरक्षा-यंत्रणेचा सर्वांत मोठा शत्रू ती बंद पडणे हा नसून ती विनाकारण वारंवार सावध होणे हा आहे. वारंवार खोटा इशारा देणारी यंत्रणा माणसे स्वतःच्या हाताने निकामी करतात.

इटलीतल्या मोत्तारोनेच्या रोपवेवर २३ मे २०२१ रोजी हेच घडले. डब्यात १५ जण होते, त्यांतले १४ गेले आणि एक लहान मुलगा वाचला. वरचे स्थानक अगदी जवळ आले असताना डबा ओढणारा दोर तुटला. दोर तुटला तर जाड आधारदोराला घट्ट पकडणारा आणीबाणीचा ब्रेक त्या डब्यावर होता. परंतु तो कारणाशिवाय लागत असे आणि सेवा खंडित होत असे, म्हणून लोखंडी चिमटे अडकवून तो उघडाच ठेवलेला होता. असे चिमटे डबा रिकामा असताना देखभालीपुरते वापरायचे असतात. डबा उलट घसरत गेला आणि खांबाजवळ आधारदोरावरून सुटून कोसळला. ब्रेक खोटा लागतो, याचा अर्थ ब्रेकमध्ये दोष आहे आणि तो दुरुस्त होईपर्यंत रोपवे बंद ठेवला पाहिजे, एवढाच निष्कर्ष निघायला हवा होता.

आकाशवाट
यंत्रकर्मी यांच्याशी बव्हंशी सहमत आहे. पण मोत्तारोनेबद्दल बोलताना सगळा भर ब्रेकवर दिला जातो आणि मुळात दोर का तुटला हा प्रश्न मागे पडतो. रोपवेच्या क्षेत्रातला असल्याने जरा विस्ताराने लिहितो.

रोपवेचे मुख्यतः दोन प्रकार लक्षात ठेवावेत. पहिल्यात दोन मोठे डबे असतात. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. डब्याचा भार स्थिर आधारदोर पेलतो आणि ओढण्याचे काम वेगळा दोर करतो. मोत्तारोने या प्रकारातला होता. इथे ओढदोर तुटला तर आधारदोरावरचा ब्रेक हाच अखेरचा आधार असतो. दुसऱ्या प्रकारात एकच गोल फिरणारा दोर असतो, जो भारही पेलतो आणि ओढतोही, आणि अनेक छोटे पाळणे त्याला स्प्रिंगच्या पकडीने धरून असतात. स्थानकात शिरताना पकड सुटते, पाळणा सावकाश फिरतो आणि बाहेर पडताना पुन्हा दोर पकडतो. प्रत्येक वेळी पकडीचा जोर मोजला जातो. तो कमी भरला तर पाळणा स्थानकाबाहेर पडण्याआधीच सगळी मार्गिका थांबते. खांबांवरच्या पुल्यांजवळ ठिसूळ दांड्या बसवलेल्या असतात. दोर पुलीवरून घसरला तर तो त्या दांडीवर आदळतो, दांडी मोडते, तिच्यातून जाणारा विद्युतप्रवाह तुटतो आणि मुख्य ब्रेक लागतो. शिवाय घसरलेल्या दोराला झेलणारे लोखंडी आकडे असतात. एक ब्रेक मोटरच्या बाजूला असतो आणि दुसरा थेट दोर फिरवणाऱ्या महाचाकाच्या कडेवर असतो, कारण मधला गिअरबॉक्स किंवा दांडा मोडला तर मोटरकडच्या ब्रेकचा काहीही उपयोग उरत नाही.

आता दोराविषयी. पोलादी दोर एकदम तुटत नाही. पुल्यांवरून वाकून जाताना त्याच्या तारा एकेक करून थकतात आणि तुटतात. बऱ्याच आतल्या बाजूला तुटतात, जिथे डोळा पोहोचत नाही. म्हणून दोराभोवती चुंबकीय तपासणीचे यंत्र बसवून त्यातून दोर सरकवतात. अखंड पोलादात चुंबकीय क्षेत्र सरळ वाहते आणि तार तुटलेली असेल तिथे ते बाहेर सांडते, ती जागा आलेखावर दिसते. परंतु दोराचे टोक जिथे डब्याला जोडलेले असते तिथे हे यंत्र पोहोचू शकत नाही. टोकाच्या जोडाजवळ पाणी साचते, दोर वारंवार वाकतो, आणि नेमकी तीच जागा तपासणीतून सुटते. त्यामुळे ठरावीक मुदतीने टोकाचा भाग कापून टाकून नवा जोड करण्याची पद्धत आहे. मोत्तारोनेचा दोर डब्याच्या जोडापाशीच तुटला आणि तज्ज्ञांच्या तपासणीत तिथल्या पुष्कळ तारा आधीपासूनच खराब झालेल्या आढळल्या.

लिस्बनच्या ग्लोरिया या दोराच्या ट्रामचा ३ सप्टेंबर २०२५ चा अपघात रोपवेचा नव्हे, तरी पहा. तिथेही दोर डब्याच्या जोडापाशी सुटला. त्याच सकाळी पाहणी झालेली होती, पण निकामी झालेली जागा डब्याचे भाग सोडवल्याशिवाय दिसणारी नव्हती. चालकाने ब्रेक लावले, परंतु दोन डब्यांना एकमेकांच्या वजनाने तोलून धरणारा हा दोर गेल्यावर त्या उतारावर डबा थांबवण्याची त्या ब्रेकची ताकदच नव्हती. १६ जणांचा मृत्यू झाला. इथे कोणीही चिमटा अडकवलेला नव्हता. म्हणून मला वाटते की "माणसांनी यंत्रणा निकामी केली" एवढेच स्पष्टीकरण पुरत नाही. संरक्षणाची दुसरी फळी पहिलीशिवाय उभी राहू शकते का, हे कधी प्रत्यक्ष तपासले होते का, असेही विचारले पाहिजे.

अनुपमा_व
अत्यंत माहितीपूर्ण प्रतिसाद. एक प्रश्न: एकाच ओढदोरावर सगळे अवलंबून असेल तर दोन दोर का लावत नाहीत?

आकाशवाट
काही रोपवेंना दोन ओढदोर असतात. पण दोन दोरांचा ताण नेहमी सारखा राहत नाही आणि ते वाऱ्यात एकमेकांवर येण्याची भीती असते. इटलीतल्याच काव्हालेसे इथे ९ मार्च १९७६ रोजी ४३ जण मृत्युमुखी पडले, ते दोर एकमेकांवर चढून एकाने दुसऱ्याला कापल्यामुळे. अशा वेळी रोपवे थांबवणारी स्वयंचलित यंत्रणा तिथे होती आणि ती बंद करून ठेवलेली होती.

यंत्रकर्मी
आकाशवाट, लिस्बनचा मुद्दा मान्य आहे. काव्हालेसे आणि मोत्तारोने यांच्यात ४५ वर्षांचे अंतर आहे आणि तरीही एका वाक्यात दोन्हींचे वर्णन करता येते, हे मात्र मला फार अस्वस्थ करते.

साशंक
आतापर्यंतची चर्चा सेन्सर आणि ब्रेक यांच्याभोवती फिरते आहे. ज्या बिघाडाला कोणताही सेन्सर ओळखत नाही, त्याचे काय? अमेरिकेत ओहायो राज्याच्या जत्रेत २६ जुलै २०१७ रोजी 'फायर बॉल' या झुलत्या राईडचा आसनांचा एक गट चालू फेरीत तुटून फेकला गेला. एक तरुण मरण पावला आणि अनेक जखमी झाले. राईड सुरू होण्यापूर्वी तिची तपासणी झालेली होती. उत्पादक कंपनीने नंतर सांगितले की आधार देणाऱ्या पोकळ तुळईला आतून गंज चढला होता आणि वर्षानुवर्षे तिच्या भिंतीची जाडी कमी होत गेली होती. बारचा किंवा ब्रेकचा कोणताही सेन्सर असा आतला गंज ओळखत नाही.

इथे यंत्र थांबलेच नाही. म्हणून मला न थांबणाऱ्या यंत्राची जास्त काळजी वाटते.

सांधा
साशंक यांनी अगदी कळीचा विषय काढला. वेल्डिंगच्या तपासणीचे काम करणारा म्हणून थोडी भर घालतो.

फिरत्या राईडच्या प्रत्येक भुजेवर दर फेरीला भार चढतो आणि उतरतो. पोलाद एका वेळी जो भार सहज पेलते, तोच भार लाखो वेळा आला तर त्याहून कितीतरी कमी ताणालाही तडा जाऊ शकतो. हा तडा बहुधा वेल्डच्या कडेला, बोल्टच्या भोकाशी किंवा गंजाच्या खड्ड्यातून सुरू होतो. सुरुवातीला तो केसाहून बारीक असतो. तो शोधण्यासाठी पृष्ठभागावर लाल रंगाचे पातळ द्रव्य लावतात, ते तड्यात झिरपू देतात, वरचे पुसून घेतात आणि पांढरी पावडर फवारतात. काही मिनिटांत त्या पांढऱ्यावर एक नाजूक लाल रेघ उमटते. ही रेघ पाहिली की पुढचे काही बोलावे लागत नाही, भाग उतरवावा लागतो. मात्र या पद्धतीला रंग खरवडून काढावा लागतो, आणि पोकळ नळीच्या आतला गंज तिला कळत नाही. त्यासाठी बाहेरून ध्वनिलहरी पाठवून भिंतीची जाडी मोजतात. उपकरण हातात मावणारे असते. प्रश्न उपकरणाचा नसून कोणत्या जागी आणि किती काळाने मोजायचे हे तपासणीच्या यादीत लिहिलेले असण्याचा आहे.

जागोजागी उतरवून पुन्हा उभारल्या जाणाऱ्या राईडना ही काळजी दुप्पट लागते. प्रत्येक उभारणीत बोल्ट आणि पिना पुन्हा बसवाव्या लागतात, सांध्यांत पाणी शिरते, आणि वाहतुकीत बसलेले धक्के कुठेही नोंदलेले नसतात.

भौतिकी
थोडे अवांतर, पण विषयाला धरूनच. चढावर ऐकू येणारा खट-खट असा आवाज साखळीचा नसतो. गाडीखालचा खिट्टीसारखा दात मार्गावरच्या दातेरी पट्टीवर एकेक घर पुढे पडतो, त्याचा तो आवाज असतो. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून ही व्यवस्था आहे. मार्गाच्या खालच्या बाजूने पकडणारी चाके आणि ही दातेरी व्यवस्था विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले रचनाकार जॉन मिलर यांनी रूढ केली. लंडनच्या बॅटरसी उद्यानातल्या 'बिग डिपर'वर ३० मे १९७२ रोजी ओढणारा दोर सुटल्यावर हीच मागे घसरू न देणारी व्यवस्था निकामी ठरली आणि पाच मुले मरण पावली.

चुंबकीय ब्रेक मला विशेष महत्त्वाचे वाटतात. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पाती स्थिर चुंबकांच्या ओळींमधून वेगाने जाते तेव्हा तिच्यात भोवरा-प्रवाह निर्माण होतात आणि ते गतीला विरोध करतात. घर्षण नाही, झीज नाही आणि विजेची गरजही नाही. उंचावरून खाली सोडणाऱ्या मनोऱ्यांवर हेच ब्रेक वापरतात, कारण वीज गेली म्हणून चुंबकाचे चुंबकत्व जात नाही. त्यांची एकच मर्यादा आहे: वेग जितका कमी, तितका विरोध कमी. त्यामुळे ते गाडी संथ करतात, पण उतारावर एका जागी धरून ठेवू शकत नाहीत, आणि शेवटच्या थांब्यासाठी घर्षणाचे ब्रेक लागतातच.

अनुपमा_व
मनोऱ्याचा उल्लेख आला म्हणून विचारते. अमेरिकेत अशाच एका मनोऱ्यावर एक मुलगा आसनातून पडल्याचे आठवते. तिथे ब्रेक निकामी झाले होते का?

यंत्रकर्मी
नाही. २४ मार्च २०२२ ला ओरलँडो शहरात घडलेली ती घटना. ब्रेक व्यवस्थित लागले. १४ वर्षांचा तो मुलगा अंगाने मोठा होता, खांद्यावरचा हार्नेस पुरेसा खाली आला नव्हता आणि आसन व हार्नेस यांमध्ये मोठी फट राहिली होती. अशी फट असताना यंत्र सुरू होऊ नये म्हणून सेन्सर होता. चौकशीत निष्पन्न झाले की त्या आसनाचा सेन्सर हाताने असा सरकवला होता की एरवी न चालणारी फटही त्याला चालावी. दिवा लागला, चालकाला सर्व ठीक दिसले. पायांच्या मधून जाणारा साधा पट्टाही त्या आसनाला नव्हता.

वरती तारेच्या तुकड्याबद्दल लिहिले, त्याच्याइतकेच हे धोकादायक आहे. किंबहुना अधिक, कारण तारेचा तुकडा तपासणीत सापडतो, पण थोडा सरकवलेला सेन्सर मूळ अंतर कुठे लिहून ठेवलेले नसेल तर सापडत नाही.

आकाशवाट
थांबण्याबद्दल आणखी एक बाजू मांडतो. थांबलेल्या माणसांना खाली कसे आणायचे, हाही सुरक्षा-यंत्रणेचाच भाग आहे. न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट आयलंड ट्रामवेचे दोन डबे १८ एप्रिल २००६ रोजी वीज गेल्याने नदीवर तासन्‌तास अडकले. कोणाच्या जिवाला धक्का लागला नाही. २०१० मध्ये नवी यंत्रणा बसवताना दोन्ही डबे एकमेकांपासून स्वतंत्र करण्यात आले. झारखंडमध्ये देवघरजवळच्या त्रिकूट रोपवेवर १० एप्रिल २०२२ रोजी अपघात झाला तेव्हा मात्र अडकलेल्यांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने काढावे लागले, ते काम तिसऱ्या दिवसापर्यंत चालले, आणि एकूण तीन मृतांपैकी दोघे सुटकेच्या वेळी गेले. जिथे खाली खोल दरी आहे तिथे डिझेलवर चालणारे राखीव इंजिन, दोरावरून पाळण्यापर्यंत पोहोचण्याची साधने आणि सराव केलेले पथक यांशिवाय रोपवे सुरू करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. हवा सुटली असेल, अंधार पडला असेल, तर हेलिकॉप्टर येऊच शकत नाही.

कुतूहल
सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाचे उत्तर मला असे उमजले आहे की थांबणे स्वतःहून काहीच सांगत नाही. ते योजलेल्या जागी थांबले का आणि त्यानंतर माणसांनी काय केले, यावर सारे अवलंबून आहे. आता प्रवासी म्हणून विचारतो. गाडी थांबली, प्रवाशांना पायऱ्यांवरून उतरवले, आणि काही वेळाने ती पुन्हा सुरू झाली. आपण रांगेत उभे आहोत. काय पाहावे?

यंत्रकर्मी
काही गोष्टी बाहेरूनही दिसतात. पुन्हा प्रवासी बसवण्याआधी गाडी रिकामी सोडली गेली का ते पाहा. एक नव्हे, अनेक फेऱ्या व्हायला हव्यात, आणि त्या चालू असताना कोणीतरी मार्गाकडे पाहत उभे असले पाहिजे. चालक प्रत्येक आसनाचा बार हाताने वर ओढून पाहतो का, की नुसत्या दिव्याकडे पाहून अंगठा दाखवतो? उंचीची पट्टी लावलेली आहे आणि एखाद्या मुलाला तिच्यामुळे परत पाठवले जाते आहे का? वारा वाढल्यावर राईड बंद होते का? "आज हे आसन रिकामे ठेवले आहे" अशी पाटी दिसली तर घाबरू नये. दोष मान्य करून ते आसन वापरातून काढले आहे एवढाच तिचा अर्थ.

आणि स्वतः अडकलात तर बार जबरदस्तीने उघडण्याचा प्रयत्न करू नका. वीज गेली तरी तो बंदच राहील अशी त्याची रचना असते. कर्मचारी एकेक आसन हाताने मोकळे करत येतात आणि त्याला वेळ लागतो.

साशंक
यंत्रकर्मी, यात एक भर. बार आपल्या मुलाच्या मांडीला टेकत नसेल, मध्ये फट राहत असेल, तर चालकाने ठीक आहे असे सांगितले तरी उतरून जावे. उंची पुरेशी असली तरी शरीराची ठेवण प्रत्येकाची वेगळी असते आणि उंचीची पट्टी ते मोजत नाही.

सांधा
+१. ओरलँडोमध्ये तीच फट डोळ्यांना दिसत होती.